ग्रंथाचे दुसरे मोल

गेल्या गणेशचतुर्थीस आम्ही निपाणीस आमच्या भगिनीच्या घरी गेलो असता, आरत्या आटोपून पाने मांडली जाण्यापूर्वी एक लहानसा दावा आमच्यापुढे दाखल झाला. वादी आमची बहीण, प्रतिवादी तिचा धाकटा चिरंजीव, आणि वादवस्तू म्हणजे माजघरातील फडताळात ठेवलेले तीन जाडजूड इंग्रजी ग्रंथ. हे ग्रंथ एका खेळाच्या नियमांचे आहेत. चिरंजीव पुण्यास नोकरी करतात. पहिल्या पगारातून त्यांनी हे ग्रंथ मागविले, तेव्हा घरात कोणी हरकत घेतली नाही. हरकत उद्भवली ती पुढे, जेव्हा तेच ग्रंथ, त्याच मजकुराचे आणि त्याच चित्रांचे, पुन्हा एकदा पैसे मोजून डिजिटल स्वरूपात घेतल्याचे मातोश्रींस कळले. "पुस्तक घरांत आसा न्हय रे? मागीर परतून कित्याक घेतलें?" असा तिचा सरळ सवाल होता. भाच्याने उत्तर दिले ते आम्हांस उद्देशून: "मामा, पुस्तक निपाणीत, मी पुण्यात, आणि बरोबर खेळणारे चौघे चार गावी. एक पुस्तक किती जणांच्या हाती देऊ?"

घरात वकील असला की सणासुदीसही त्याची सुटका नसते. आम्ही निकाल राखून ठेवला आणि जेवावयास बसलो. परंतु खरे सांगावयाचे तर, त्या क्षणी आम्हांस न्यायासनावर बसण्याचा अधिकारच नव्हता. बेळगावातील आमच्या कचेरीत तीन भिंती निकालपत्रांच्या बांधीव खंडांनी भरलेल्या आहेत. त्यांतील निम्मे आमच्या गुरुस्थानी असलेल्या ज्येष्ठ वकिलांनी निवृत्तीच्या वेळी आम्हांस दिलेले, उरलेले आम्ही पोटास चिमटा घेऊन जमविलेले. आणि त्याच खंडांतील तेच निकाल संगणकावर पाहता यावेत म्हणून आम्ही दरवर्षी वर्गणी भरतो. भाच्याने दुसरे मोल एकदा दिले, आम्ही ते प्रतिवर्षी देत आलो आहोत. तेव्हा हा लेख निकालपत्र म्हणून वाचावा, तसाच कबुलीजबाब म्हणूनही.

प्रथम हे ग्रंथ काय आहेत ते पाहू. कारण ग्रंथाची परीक्षा केल्यावाचून त्याच्या खरेदीची परीक्षा होऊ शकत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. यास पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालते, नसल्या तरी चालते. चारसहा जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि कथेचे जग उभे करतो. इतर प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राने काय करावे ते सांगतात. जमेल की फसेल याविषयी शंका असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकतात. आमच्याकडील दशावतारी मंडळींचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस लिखित संहितेवाचून रात्रभर संवाद कसे उभे राहतात हे सांगावयास नको. फरक इतकाच की दशावतारात कथानक ठरलेले असते, येथे ते फाशाच्या हाती असते. मुख्य ग्रंथ तीन: खेळाडूंचा, सूत्रधाराचा आणि राक्षसादी प्राण्यांचा. खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली निघाली आणि तिचे सुधारलेले रूप २०२४ पासून येऊ लागले. नव्या खेळाडू-ग्रंथाची पृष्ठे ३८४ आहेत.

आम्ही त्या दुपारी तो ग्रंथ चाळला. गद्य म्हणून त्याचे मूल्य असमान आहे. प्रस्तावनेचा भाग रसाळ, तर मंत्रतंत्रांच्या याद्या निव्वळ कोष्टके. मात्र एक गोष्ट आम्हांस तत्काळ ओळखीची वाटली. हा वाचावयाचा ग्रंथ नसून पाहावयाचा ग्रंथ आहे. कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाते; नियमग्रंथ अडचणीपासून उत्तरापर्यंत जातो. अंधारात लपलेल्यावर बाण सोडल्यास काय, पात्र मूर्च्छित पडल्यास किती वेळा फासा टाकावा, असे प्रश्न खेळ रंगात आला असता उद्भवतात, आणि तेव्हा पाच जण मिळून एक ग्रंथ ओढतात. नियमग्रंथाचा प्राण त्याच्या सूचीत असतो. २०१४ च्या खेळाडू-ग्रंथाची सूची इतक्या बारीक टाईपात आहे की आम्ही चष्मा कपाळावरून नाकावर व नाकावरून हातात घेतला, तरी ती आम्हांस लागली नाही. भाच्याने फोनवर एक शब्द लिहिला आणि नियम समोर आला. येथे प्रतिवादीचा पक्ष बळकट आहे, हे आम्हांस मान्य करावे लागले.

ही वृत्ती आपल्याकडे नवी नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्याच्या पाच विंशतींपैकी एक सर्वस्वी क्रीडांना वाहिलेली आहे. ज्या राजवंशाची सत्ता या आपल्या बेळगाव प्रांतावर होती, त्याच्या एका राजाने राज्यशास्त्राच्या बरोबरीने खेळांचे नियमही ग्रंथात घ्यावेत, ही लहान गोष्ट नव्हे. खेळाचे नियम लिहून न ठेवल्यास काय होते, हे पाहावयाचे असेल तर सावंतवाडीस जावे. तेथील दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहेत: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. लाखेच्या रंगांनी रंगविलेली ती वाटोळी पाने आजही तयार होतात, सुबक डबीत घालून विकली जातात आणि दिवाणखान्यात मांडली जातात. पण ती हातात घेऊन डाव मांडणारी माणसे शोधावी लागतात. पाने उरली, खेळ विरत चालला. आमच्या आजोळी अशी एक डबी होती. लहानपणी आम्ही ती उघडून मत्स्य-कूर्म-वराह ओळखीत असू. कोणते पान कोणत्यास मारते हे विचारले असता आजोबा म्हणत, "तें म्हज्या बापायक खबर आसलें." यापलीकडे उत्तर नव्हते. भाचा आपल्या खेळाचा नियम दोन ठिकाणी जपून ठेवतो, याचा आम्हांस राग येत नाही तो या आठवणीमुळे.

तरी पैशाचा प्रश्न उरतोच. एकदा मोल दिलेल्या वस्तूस दुसऱ्यांदा मोल कशाचे?

धर्मशास्त्राच्या कपाटात यास एक बरा दृष्टांत आहे. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ सालचा. तिथी, व्रते, आशौच, श्राद्ध यांविषयीच्या मतमतांतरांचा तो सागर आहे. पुढे १७९० च्या सुमारास, शके १७१२ मध्ये, पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी 'धर्मसिंधु' लिहिला. मूळ वचनांचा पसारा वगळून त्यांनी निर्णय तेवढे सुलभ रीतीने मांडले. ज्याच्या घरी निर्णयसिंधु होता त्यानेही धर्मसिंधु घेतला, आणि त्यास कोणी उधळ्या म्हटले नाही. कारण विषय तोच असला तरी श्रम नवा होता. एकादशी दोन दिवस लागली असता कोणती धरावी, हे पहाटे स्नानाआधी ठरवावयाचे असते, वाद घालीत बसावयास वेळ नसतो. काशीनाथ उपाध्यायांनी तो वेळ वाचविला आणि त्या वाचविलेल्या वेळाचे मोल वाचकाने दिले. आमची पहिली कसोटी येथूनच निघते. दुसऱ्या आवृत्तीत दुसरा श्रम आहे काय? केवळ छापील पानांची छायाचित्रे एकत्र बांधून दिली असतील तर दुसरे मोल ही दक्षिणा नव्हे, दंड आहे. नियमानियमांस दुवे जोडले, शोध घेण्याची सोय केली, पात्राचा तक्ता भरताच बेरजा-वजाबाक्या आपोआप व्हाव्यात अशी रचना केली, तर त्या कारागिरीचे वेतन मागण्यास हरकत नाही. भाच्याने घेतलेली आवृत्ती या दुसऱ्या प्रकारची होती, हे आम्ही नोंदवून ठेवतो.

या धंद्यातही सर्वांची रीत एक नाही. काही लहान प्रकाशकांनी 'बिट्स अँड मॉर्टर' या नावाखाली २०१० पासून अशी प्रथा पाडली की दुकानातून छापील ग्रंथ घेणारास त्याची डिजिटल प्रत विनामूल्य मिळावी. ॲमेझॉनने २०१३ साली अशीच एक योजना काढली होती: पूर्वी छापील पुस्तक घेतले असल्यास किंडलवरील प्रत नाममात्र किमतीत किंवा फुकट. ती योजना २०१९ मध्ये बंद झाली. मोठ्या प्रकाशकांचा कल दोन्ही वेगळी विकण्याकडे, किंवा फार तर जोडीने घेतल्यास थोडी सूट देण्याकडे आहे. आपल्या सरकारनेही हे जोडपे ओळखले आहे, ही मौजेची गोष्ट. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. डिजिटल पुस्तकावर तो १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला गेला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकापुरता. म्हणजे छापील भावंड असेल तरच डिजिटल भावंडास सवलत. करखात्याने नाते मान्य केले, प्रकाशक अद्याप करीत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आमच्या व्यवसायातला आहे. बहिणीचा प्रश्न होता, दोनदा का घेतले. आमचा प्रश्न याहून निराळा आहे: दुसऱ्यांदा त्याने काही घेतले काय?

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. 'द कास्टअवे' या कादंबरीच्या प्रकाशकाने पुस्तकात छापले होते की एक डॉलरहून कमी किमतीस हे विकण्याची कोणा विक्रेत्यास परवानगी नाही. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटास विकले. न्यायालयाने सांगितले की प्रत एकदा विकली की पुढील विक्रीवर ग्रंथस्वामित्वाचा लगाम राहत नाही. आपल्या १९५७ च्या ग्रंथस्वामित्व कायद्यातही हेच तत्त्व आहे. कलम १४ प्रमाणे प्रती लोकांत प्रसृत करण्याचा हक्क लेखकाचा, पण आधीच प्रसृत झालेल्या प्रतींवर तो नाही. आणि एकदा विकलेली प्रत ही प्रसृत झालेली मानावी असे स्पष्टीकरण कलमाच्या अखेरीस दिले आहे. या एका ओळीच्या आधारावर आपल्याकडील जुन्या पुस्तकांची दुकाने उभी आहेत. वाचनालयांस मिळणाऱ्या देणग्या, वडिलांनी मुलास दिलेली पुस्तके, वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्यास निम्म्या किमतीत दिलेले क्रमिक पुस्तक, या सर्वांचा आधार तोच.

डिजिटल प्रतीस ही ओळ सहसा लागू पडत नाही, कारण तेथे बहुधा विक्रीच नसते. पडद्यावर 'खरेदी करा' असे लिहिलेले असते. करारात मात्र परवाना असतो: वैयक्तिक, अहस्तांतरणीय, आणि बहुतेक ठिकाणी देणाराच्या मर्जीने आटोपता येणारा. आम्ही पक्षकारांस खरेदीखत आणि भाडेपट्टा यांतील भेद समजावून सांगण्याचे पैसे घेतो, आणि स्वतः मात्र हा भाडेपट्टा न वाचताच अंगठा उठवितो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, टॉम कॅबिनेट नावाच्या डच व्यापाऱ्याच्या प्रकरणी, वापरलेले डिजिटल पुस्तक पुन्हा विकण्यास ग्रंथस्वामित्वधारकाची संमती लागते असा निर्णय दिला. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. परवाना देत असताना ते स्पष्ट न करता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास त्याने मनाई केली. रोग बरा झाला नाही, पण त्याचे नाव तरी खरे लिहिले गेले.

परवाना आणि मालकी यांतील अंतर कागदोपत्री नसते, ते एखाद्या सकाळी अनुभवास येते. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने, विक्रेत्याकडे हक्कच नव्हते असे आढळल्यावर, जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. पैसे परत केले, पुढे क्षमाही मागितली. पण वाचकाच्या उशाशी असलेले पुस्तक रातोरात नाहीसे होऊ शकते हे जगाने पाहिले. त्यांतील एक पुस्तक '१९८४' होते, यावर आम्ही अधिक काही लिहीत नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा घेतलेली पुस्तकेही दुकानाबरोबर गेली आणि वाचकांस परतावा मिळाला. आमच्या भाच्याच्या खेळाचाही इतिहास याहून वेगळा नाही. एप्रिल २००९ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या प्रकाशन-संस्थेने चोरट्या प्रतींचे कारण सांगून आपल्या ग्रंथांच्या डिजिटल प्रतींची विक्री एकाएकी थांबविली. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांचीही पुन्हा उतरवून घेण्याची सोय गेली. २०१३ साली विक्री पुन्हा सुरू झाली. २०१७ साली 'डी अँड डी बियाँड' हे या खेळाचे डिजिटल दालन निघाले, आणि २०२२ मध्ये ते मूळ मालकांनी विकत घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये नवे ग्रंथ येण्याच्या सुमारास जाहीर झाले की खेळाडूंच्या तक्त्यांतील जुने मंत्र व जादूच्या वस्तू यांच्या जागी नवे नियम बसविले जातील. खेळाडूंनी इतका गिल्ला केला की थोड्याच दिवसांत तो बेत मागे घेण्यात आला.

शेवटचे उदाहरण आम्हांस सर्वांत बोलके वाटते. पुस्तक काढून घेणे ही चोरीसारखी ठळक गोष्ट आहे. पण पुस्तक फडताळात जागच्या जागी राहून त्यातील नियम बदलणे ही त्याहून सूक्ष्म. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तरी १८६० ची दंडसंहिता आमच्या कपाटात जशीच्या तशी उभी आहे, आणि ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्यांकरिता आजही आम्ही ती उघडतो. कायदा बदलला म्हणून जुने पुस्तक रात्री आपणहून बदलत नाही. ज्या नियमाखाली डाव सुरू झाला तो नियम डाव संपेपर्यंत पाहावयास मिळावा, ही मागणी खेळातली असो वा न्यायालयातली, वाजवी आहे. छापील प्रत ही या बाबतीत साक्षीदार आहे, आणि साक्ष फिरवीत नाही.

एवढे लिहिल्यावर वाचक म्हणतील की आमचा कल बहिणीकडे झुकला. तसे नाही. कागदाचेही गुण गाताना हात आखडता घ्यावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांनी चिकोडी-निपाणीच्या बाजूस जो हाहाकार केला, तो या भागातील वाचकांस आठवत असेल. आमच्या एका पक्षकाराच्या घरी तळमजल्यावर वडिलोपार्जित पोथ्यांची पेटी होती. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा पेटीत पाने नव्हती, लगदा होता. त्या गृहस्थांनी जमिनीच्या नुकसानीचा अर्ज आमच्याकडून लिहवून घेतला, पेटीविषयी मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या पोथ्यांपैकी छापील निर्णयसागरी आवृत्त्या आज संगणकावर विनामूल्य सापडतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्व संपते, आणि आपल्या शास्त्रकारांस जाऊन शतके लोटली आहेत. पण समासात त्यांच्या आजोबांनी लिहिलेली टिपणे कोठे सापडणार?

आणखी एक साक्ष नोंदवितो. आमच्या मावशीचा गुरुचरित्राच्या सप्ताहाचा नेम चाळीस वर्षांचा. मोतीबिंदूनंतर छापील पोथीतील अक्षर तिला दिसेना. नातीने तीच पोथी टॅबलेटवर घेऊन दिली, अक्षर बोटभर मोठे करून दिले. मावशीस शंका आली की हे पारायण ठरते की नाही. सोवळ्यात यंत्र कसे घ्यावे हीदेखील शंका होतीच. घरच्या उपाध्यायांनी सांगितले की पारायण ओठांनी होते. पोथी पाटावर वस्त्रात गुंडाळून पुढे असू द्यावी, तिलाच हळद-कुंकू वाहावे आणि डोळ्यांनी मात्र जे दिसते ते वाचावे. तेव्हापासून मावशीच्या पाटावर एक पोथी असते आणि मांडीवर दुसरी. आमच्या मते या विषयावर इतका सुबोध निर्णय कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. आपल्या कायद्यानेही २०१२ च्या दुरुस्तीत दृष्टी किंवा अन्य वैगुण्यामुळे वाचता न येणाऱ्यांसाठी सुलभ प्रत करण्यास मुभा दिली, आणि २०१३ च्या माराकेश कराराला पुढल्याच वर्षी मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत होते.

आता आमच्या स्वतःच्या वर्गणीविषयी. निकालपत्रे ही कोणाची मालमत्ता नाही. ती छापणे म्हणजे स्वामित्वभंग नव्हे, असे कायदाच म्हणतो. मग आम्ही पैसे कशाचे भरतो? याचे उत्तर १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात दिले. वादही आमच्या विषयाचाच होता: छापील खंडांतील संपादित निकाल दुसऱ्यांनी संगणकाच्या तबकड्यांवर घातले होते. न्यायालय म्हणाले की निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा. परंतु परिच्छेदांची केलेली मांडणी, शीर्षटिपा, कोणते न्यायाधीश सहमत व कोणते असहमत हे दर्शविणारी संपादकांची भर, यांत बुद्धीचा व्यापार आहे आणि त्यास संरक्षण आहे. काशीनाथ उपाध्यायांचेच तत्त्व येथे पुन्हा भेटते. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय स्वतःच आपले अधिकृत निकालखंड संगणकावर विनामूल्य देते. निकालांची मराठी व कानडी भाषांतरेही येऊ लागली आहेत. तरी आम्ही वर्गणी भरतो. कारण आम्ही आळशी आहोत, आणि उद्याच्या तारखेस आज रात्री नऊला नोंद शोधावयाची असते.

खेळाच्या नियमांस तर याहून कमी संरक्षण आहे. हिशेब लिहिण्याच्या एका पद्धतीविषयी सेल्डन नावाच्या गृहस्थाने पुस्तक लिहिले होते. त्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ च्या सत्रात ठरविले की पुस्तकाच्या शब्दांस स्वामित्व आहे, त्यात सांगितलेल्या पद्धतीस नाही. ज्यास पद्धत आवडली त्याने ती खुशाल वापरावी, आपल्या शब्दांत सांगावी. २०२३ च्या जानेवारीत तर या खेळाच्या मूळ नियमांचा एक मोठा भाग प्रकाशकांनीच सर्वांस मुक्तपणे वापरता येईल अशा परवान्याखाली खुला केला.

हे आम्ही जेवण झाल्यावर सांगत असता भाचा उठला आणि आतून एक शंभरपानी वही घेऊन आला. शाळेतल्या मुलांसाठी असते तसली, वर पुठ्ठा, पाठीमागे पाढे. सुटीत निपाणीस आले की धाकटी मावस-चुलत भावंडे खेळण्याचा हट्ट धरतात. त्यांचे इंग्रजी तेवढे नाही, आणि निम्मी मुले कानडी शाळेत जाणारी. म्हणून त्याने नियम आपल्या शब्दांत मराठीत लिहून काढले होते. गुहेऐवजी किल्ल्यातले भुयार, अजगराच्या जागी पुतनेपासून वेताळापर्यंत सर्व मंडळी. वीस बाजूंचा फासा नसल्यास वीस चिठ्ठ्या मडक्यात घालाव्यात, असाही नियम होता. काही ठिकाणी दुसऱ्या कोवळ्या हातांनी कानडीत शब्द लिहिलेले. भाषा सर्वत्र शुद्ध होती असे नाही; 'आक्रमण' आणि 'अतिक्रमण' यांत गल्लत होती, आणि सीमाभागातील वकिलाच्या नजरेतून ती सुटणे शक्य नव्हते. परंतु त्या तीन सुबक ग्रंथांपेक्षा आणि फोनमधील त्यांच्या प्रतिबिंबांपेक्षा ही वही आम्ही अधिक वेळ वाचीत बसलो. बहिणीने ती तोवर पाहिलीच नव्हती. तिने ती उलटीपालटी केली आणि म्हणाली, "हें बरें केलां." दावा त्या वाक्यानेच निम्मा निकाली निघाला.

उरलेल्या निम्म्याचा आम्ही असा निर्णय दिला. प्रतिवादीने दुसरे मोल दिले ते सोयीचे दिले, ग्रंथाचे नव्हे. सोयीचे मोल देणे गैर नाही, पण त्याने घरात 'पुस्तके घेतली' असे न म्हणता 'वापरावयास घेतली' असे म्हणावे. छापील ग्रंथ विकू नयेत. ते निपाणीच्या फडताळात राहावेत, आणि पुढे कोणा भावंडास द्यावेत. डिजिटल प्रत तशी देता येणार नाही, हे त्याने करार वाचून स्वतः खात्री करून घ्यावे. यापुढे नवीन ग्रंथ घेताना छापील प्रतीसोबत डिजिटल देणाऱ्या प्रकाशकास अग्रक्रम द्यावा. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

भाच्यास निकाल मान्य झाला. पण त्यास मोडक प्रकरण मुळातून वाचावयाचे होते. आमच्या वर्गणीतून पाठवा म्हणाला. ती वर्गणी एका नावापुरती, दुसऱ्यास देण्याची मनाई, हे आम्ही नुकतेच त्यास समजावले होते, त्यामुळे बोलण्याची सोय नव्हती. बेळगावास परत आल्यावर शिडी लावून वरच्या फळीवरून २००८ चा पहिला खंड काढला, धूळ झटकली, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि निपाणीस निघालेल्या एका पक्षकाराच्या हाती पाठवून दिला. त्यास आता पाच महिने झाले. खंड अद्याप परत आलेला नाही.